मास्तरांचा डावरा

मास्तरांनी आयुष्यात एकाही परदेशी गवयाचं नाव घेतलं नाही. नावं त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. कॅसेटच्या वेष्टणावरचं इंग्रजी ते बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे आणि मग वेष्टण पालथं करून ठेवायचे. "मोठ्या मान्सांची नावं उठताबसता घेऊ न्हाय," असं त्यांचं म्हणणं. त्यावर काकी, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणायची, "मी तुमचं नाव घेत न्हाय ते तुमी मोठं म्हनून न्हाय हो." मास्तरांना अशा वेळी हमखास कमी ऐकू यायचं.

त्यामुळे आमच्या बेंजो पार्टीत सगळ्या गोऱ्याकाळ्या गवयांची बारशी नव्याने झाली होती. अमेरिकेतला एकजण डाव्या हाताने गिटार वाजवायचा, तो डावरा. हा मास्तरांचा सगळ्यात लाडका. कापसाच्या शेतात राबून मग गिटार धरलेला एकजण होता, तो कापूसवाला म्हातारा. ज्याचा घसा जन्मभर बसलेलाच राहिला तो घोगरा. एक जाडजूड बाई होती, तिचा आवाज ऐकला की माणूस आपोआप सरळ बसे, ती थोरली आक्का. आणि इंग्लंडातली लांब केसांची सगळी मंडळी मिळून विलायतची पोरं. त्यांच्यावर मास्तरांचा थोडा राग होता. "इंग्रजानं आपल्याकून मसाला नेला, आन त्या म्हाताऱ्याकून ह्यो बाजा नेला," असं म्हणायचे. पण विलायतची पोरं लागली की त्यांचा पाय मात्र सगळ्यांत आधी हलायचा.

रॉक आणि ब्लूज यांत फरक काय, हे मी पुढे कितीतरी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलं. मास्तरांनी मला ते पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं. "म्हातारा रडतो त्यो ब्लूज. त्याच्या रडन्याला पोरांनी घाई केली, त्यो रॉक." याच्यापेक्षा बरं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही आणि कुणी देईल असं वाटतही नाही.

मास्तर रेवदंड्याचे. आमची बेंजो पार्टी त्यांचीच. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हळदीला बेंजो वाजला नाही तर हळद अंगाला लागत नाही, असं अर्ध्या थट्टेने म्हणतात. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, मग तो आवाज भोंग्यातून गावभर. मी अलिबागला कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी मास्तरांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचो. शिवाय लग्नाच्या सुपाऱ्या घेणं, टेम्पो ठरवणं, वधूपित्याशी गोड बोलणं ही कामंही माझ्याकडे. कारकुनाला गोड बोलता येतं असा मास्तरांचा गैरसमज होता.

मला पार्टीत घेताना त्यांनी ढोलकी वाजवून घेतलीच नाही. ओटीवर बसवलं, टेपरेकॉर्डर लावला आणि कापूसवाला म्हातारा ऐकवला. मला एक अक्षर कळलं नाही. गाणं संपल्यावर विचारलं, "काय दिसलं?" मी घाबरत म्हणालो, "कुणीतरी घरी एकटाच बसलाय आणि चूल विझलीय." मास्तर आत वळून म्हणाले, "गो, चा टाक. ढोलकीवाला गावला." मी त्या दिवशी रेवदंड्याहून अलिबागपर्यंत रिक्षात मांडीवर बोटं वाजवत गेलो.

मास्तरांना हे वेड लागलं ते बोटीवर. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर इंजिनात तेलपाणी बघायला होते. एकदा अमेरिकेत एका मोठ्या नदीच्या मुखाशी जहाज बिघडून दीड महिना अडकून पडलं. धक्क्यामागच्या एका खानावळीत एक म्हातारा काळा माणूस रोज गिटार घेऊन बसायचा, करंगळीत बाटलीची मान घालून ती तारांवरून सरकवायचा. मास्तर रोज जाऊन त्याच्यासमोर बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. "कसं होतं ते गाव?" असं आम्ही विचारलं की मास्तर समोरच्या खाडीकडे हात करायचे. "अस्संच. पानी गढूल, मासं सुकत घातलेलं, मान्सं दारात बसलेली. मना वाटलं, मी चुकून रेवदंड्यालाच उतारलो." अमेरिकेत जाऊन आलेला आणि अमेरिकेचं कौतुक न सांगणारा एवढा एकच माणूस मी पाहिला.

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर चांगल्या नव्या बेंजोची वरच्या सुरांची सहा बटणं पकडीने उपटून काढली. त्या उघड्या तारांवर ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची मान करंगळीत घालून सरकवायचे. बाटली कापायला दोरा रॉकेलमध्ये भिजवून गुंडाळायचा, पेटवायचा आणि पाण्यात बुडवायची. एक मान नीट कापली जाईपर्यंत चारपाच फुटायच्या. काकी डॉक्टरांना सांगायची, "यांना खोकला न्हाय, बाटल्या पायजेत."

पण तो आवाज. सगळ्या पार्ट्यांचा बेंजो टणटण बोलायचा, आमचा हुंकार द्यायचा. एका हळदीत नवरीचा बाप तरातरा आला आणि म्हणाला, "मास्तर, नाचायला बोलावलंय, रडवायला न्हाय." मास्तर म्हणाले, "पोर उद्या जानार. आज रडून घ्या, उद्या टायम नसतो." तो बाप खरंच खुर्ची ओढून आमच्याजवळ बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. त्याच्या पुढच्या दोन्ही पोरींच्या हळदीला त्याने आमच्याशिवाय कुणाला बोलावलं नाही.

मांडव्याकडच्या बंगल्यांत मुंबईचे लोक येतात. अशाच एका बंगल्यात मास्तर वायरिंग बघायला गेले होते, कारण लगीनसराई नसताना ते तीच कामं करायचे. मी सोबत होतो. हिरवळीवर मुंबईहून आलेल्या तरुणांचा रॉक बँड तयारी करत होता. गिटारवाला डावऱ्याचंच काहीतरी वाजवत होता, आणि फार सफाईने वाजवत होता. मास्तर खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन ऐकत उभे राहिले. गाणं संपल्यावर त्याला म्हणाले, "भाऊ, तू समदं बरोबर वाजवतोस, म्हनून चुकतंय." पोरगा हसला. मग मास्तरांनी स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा त्याच्या तारेवर ठेवला आणि एकच सूर खालून वर असा ओढला की स्वयंपाकघरातला आचारी बाहेर आला. पोराने गिटार काढून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी परत दिली. "मना सहाच तारा कशाला? माझी पेटी बरी." मला मात्र त्या दिवशी सगळ्या बंगल्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, की हे आमचे मास्तर.

खाऱ्या हवेत कॅसेटना बुरशी धरते. म्हणून मास्तर आपल्या कॅसेट तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायचे. काकी भाताला तांदूळ काढायला गेली की आधी थोरली आक्का हाताला लागायची, मग घोगरा. "यांचे पायी माझे तांदलाला रबराचा वास मारतो," असं ती शेजारणींना सांगायची. पण एकदा मास्तर आजारी असताना तिने सगळ्या कॅसेट उन्हात न घालता सावलीत सुकवल्या, एकेक फुंकर घालून पुसल्या आणि परत पुरल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डावऱ्याची कॅसेट तिने सगळ्यात तळाला, सुरक्षित ठेवली.

ती कॅसेट जहाजावरच्या एका सोबत्याने मास्तरांना दिली होती. डावऱ्याचा मैदानात वाजवलेला कार्यक्रम होता. इकडे कुठे मिळण्यातली नव्हती. दुसऱ्याकडे तिची प्रत नव्हती आणि मास्तर करू देत नव्हते, कारण प्रत काढताना झीज होते असं त्यांचं मत. सुपारीला निघालो की टेम्पोत ती लावायची, एकच गाणं ऐकायचं आणि बंद. "आधी देवाला निवद, मग पंगत," म्हणायचे.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो.

वैशाखात खाडीपलीकडच्या एका गावात आमची सुपारी होती. हळद संध्याकाळी, पण भोंगे बांधायला आम्ही सकाळीच पोचलो. मांडवात बायका जमल्या होत्या आणि धवलारीण आली होती. आमच्याकडे लग्नात भटजींच्या आधी धवलारणीचा मान. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या तोंडी असतं. ती एक ओळ सोडते, बाया झेलतात, ती पुढची ओळ सोडते. त्या पट्ट्यातली ही सगळ्यात म्हातारी धवलारीण. सगळे तिला आजी म्हणत. तिच्यासारखे धवले कुणाला येत नव्हते आणि तिने ते कुणाला दिलेही नव्हते.

आजींनी पहिली ओळ सोडली आणि मास्तरांच्या हातातली वायर खाली पडली.

"ऐक," ते माझं मनगट धरून म्हणाले. "ओल एकदा. तीच ओल परत. मंग उत्तर." मी म्हणालो, "हो मास्तर, असंच असतं." म्हणाले, "अरे, तिकडं म्हाताऱ्याचंपन असंच असतं." बोटीवरून आल्यापासून पंचवीस वर्षं हा माणूस लग्नं वाजवत होता. पण बेंजो पार्टी संध्याकाळी जाते आणि धवलारीण सकाळी गाते, त्यामुळे इतक्या जवळ राहूनही त्यांची गाठ पडली नव्हती. स्वतःच्या लग्नातले धवले मास्तरांनी ऐकले होते, पण ते बोटीच्या आधी, तो गिटारवाला म्हातारा ऐकण्याच्या आधी. मास्तर बायकांच्या मागे जमिनीवर मांडी घालून बसले. पुरुषांनी तिथे बसायची रीत नाही. कुणी उठवलं नाही, कारण त्यांचा चेहरा तसा झाला होता.

विधी आटपला तेव्हा आजींची नात पाणी घेऊन आली. विशीतली, नुकतंच लग्न झालेली. तिच्याकडून कळलं की आजींच्या घशात गाठ आहे. दुसऱ्या दिवशी मांडव्याहून लाँचने त्यांना मुंबईला न्यायचं, शस्त्रक्रिया ठरलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

"मंग हे समदं?" मास्तरांनी मांडवाकडे हात फिरवत विचारलं.

"जाईल," नात म्हणाली.

मास्तर आजींपुढे जाऊन बसले. म्हणाले, "आजी, मी टेप आनतो. तुमी दुपारी घरी बसून म्हना, मी भरून ठेवतो." आजींनी मान हलवली. "धवला मांडवाभायेर म्हनीत न्हाईत. नवरानवरी नसता म्हनीत न्हाईत. कुनाचं लगीन न्हाय आन धवला म्हटला, तर त्यो कुनाला लागल?" यावर वाद नव्हता. म्हणजे आजचा मांडव, पुढचे दोनतीन तासांचे विधी, एवढंच शिल्लक होतं.

टेपरेकॉर्डर आमच्या सामानात होताच. मास्तर टेम्पोपाशी येऊन म्हणाले, "कोरी क्यासेट कुनाकडं हाय?" कुणाकडेच नव्हती. दुकान रेवदंड्याला, जाऊन यायला तास सहज गेला असता, आणि तिकडे मांडवाच्या खांबाला बांधायची उंबराची डहाळी आलेली, आजी उठून उभ्या राहिलेल्या.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. माझ्या खिशात एक कॅसेट होती. आमच्या पार्टीच्या वाजवण्याचा नमुना, तो ऐकवूनच मी सुपाऱ्या मिळवायचो. ती एकच होती, पण पुन्हा भरता आली असती. माझा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. तेवढ्यात मास्तरांनी टेम्पोतल्या टेपमधून डावरा बाहेर काढला.

विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून मागच्या कडेला दोन बाजूंच्या दोन खाचा असतात. त्या बुजवल्या की भरता येतं. मास्तरांनी लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला, तोंडात घालून चावला, दोन बोळे केले आणि खाचांत दाबले. बायकांच्या मधून वाकून जात टेपरेकॉर्डर आजींच्या पायापाशी ठेवला आणि लाल बटण दाबलं.

आजींनी त्या दिवशी उंबराचा धवला म्हटला, हळद दळतानाचा म्हटला, तेलाचा म्हटला. मधेच खोकला यायचा, थांबायच्या, नात पाठ चोळायची, परत उचलायच्या. धवला थांबला की मास्तर टेप थांबवायचे, आणि एक बाजू भरली तशी त्यांनी कॅसेट उलटली. मला माहीत होतं की प्रत्येक ओळीखाली डावऱ्याची एकेक ओळ पुसली जातेय. मास्तर डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा कसा होता हे मी तीस वर्षं सांगायचा प्रयत्न करतोय. दुःखी नव्हता. नवऱ्या मुलाचा बाप दिसतो ना, तसे ताठ बसले होते.

परतीच्या वाटेवर मी खिशातली कॅसेट काढून दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "ती पार्टीची होती रं. तुला देता आली नसती. मानसाला आपलं असल तेवडंच देता येतं." मला खूप बरं वाटलं, आणि नंतर खूप वाईट वाटलं. त्या नमुन्याच्या कॅसेटने आम्हाला पुढे दोन हंगाम सुपाऱ्या दिल्या आणि मग एका वधूपित्याच्या टेपमध्ये ती गुंडाळली गेली.

आजी वाचल्या. आवाज गेला. श्रावणात त्यांची नात रेवदंड्याला आली आणि ओटीवर बसून रडायला लागली. आजी जेवत नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मास्तर लगेच टेप घेऊन गेले, मी होतोच. आजींनी टेपरेकॉर्डर ओळखला. मास्तरांचं बोट बटणाकडे गेलं तेव्हा त्यांनी आपला हात त्यावर ठेवला आणि वर छपराकडे बोट केलं. नातीने समजावून सांगितलं, "आजी म्हनते, मांडव कुठं हाय?"

मास्तर खाडीच्या पुलावरून झपाझप परतले. घरी आले आणि अंगणात चार बांबू पुरायला लागले. काकीने विचारलं, "आता हे काय?" म्हणाले, "मांडव." "कुनाचा?" मास्तर बांबूशी बोलल्यासारखे म्हणाले, "आपला."

काकीचा पहिला अवतार मी इथे लिहीत नाही. मुलगा पनवेलला संसाराला लागलेला, नातवंडं शाळेत जाणारी, आणि हे मुंडावळ्या बांधणार. लगीनसराई संपलेली, तुळशीचं लग्न कितीतरी लांब, श्रावणात मुहूर्त कोण काढणार, हे मीही म्हणालो. मास्तर खाली मान घालून दोर आवळत राहिले. मग काकीच थोड्या वेळाने बाहेर आली. "त्या म्हातारीनं मना माझे लगनात हलद लावलेली," ती म्हणाली. "आन मुहूर्त कशाला? आमचं एकदा लागलंय." आणि आत जाऊन पिवळं लुगडं शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींना रिक्षातून आणलं. वर ताडपत्री, तिच्यावर पाऊस, खाली आमची सगळी पार्टी आणि आळीतल्या पंचवीसएक बायका. मास्तर आणि काकी पाटावर. मास्तरांच्या कपाळावर मुंडावळ्या, मिशा पांढऱ्या. बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. आजी मांडवाच्या दारात उभ्या राहिल्या, चारी खांब बघितले आणि आत पाऊल टाकेनात. नात म्हणाली, "उंबर न्हाय लावला." खरंच नव्हता. आंब्याचे डहाळे लावून आम्ही मोकळे झालो होतो. मी पावसात धावत जाऊन देवळामागची डहाळी आणली. आजींनी ती स्वतःच्या हाताने खांबाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि मग आत येऊन बसल्या. श्रावणातलं ते लग्न तिथून पुढे थट्टा राहिलं नाही.

काकीने रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे सूप ठेवलं. सुपात तांदूळ आणि धवलारणीच्या मानाचा नारळ. मास्तरांनी बटण दाबलं.

मांडवात आजींचा आवाज आला. आजींनी दचकून आपल्या गळ्याला हात लावला. टेपमधल्या आजींनी ओळ सोडली आणि कुणी न सांगता समोरच्या बायांनी झेलली. दुसरी ओळ, परत झेलली. आजींची बोटं जमिनीवर ताल धरायला लागली. एका ठिकाणी बाया चुकल्या तेव्हा त्यांनी तळहात जोरात आपटला, मास्तरांकडून टेप मागे घेववला आणि बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांच्या नातीच्या तोंडून ती ओळ नेमकी आली. आजींनी तिच्याकडे बघितलं, आणि पुढच्या सगळ्या ओळी तिच्याकडेच बघत ऐकल्या. आज आमच्या सगळ्या भागात ती नात धवलारीण आहे. तिच्या हाताखाली आणखी चौघी तयार झाल्यात. मुंबईहून माणसं येऊन तिचं गाणं भरून नेतात. ती प्रत्येकाला सांगते, मांडव घाला, मग म्हणते.

कॅसेट उलटून लावली, दुसऱ्या बाजूवरचा शेवटचा धवलाही संपला. बायका थांबल्या. मास्तर बटणाकडे हात नेणार तेवढ्यात खट्ट झालं आणि टेपमधून डावरा सुटला.

वैशाखात आजींचे विधी टेप संपायच्या आधी आटपले होते. शेवटी पाचसात मिनिटं पुसायची राहून गेली होती. मास्तरांनी तेव्हापासून ती बाजू शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती, धीर झाला नव्हता. ताडपत्रीखाली ती गिटार अशी काही उठली की दोन बायका उभ्याच राहिल्या. मास्तर मुंडावळ्यांआडून नुसते बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि काकीने सगळ्यांदेखत पदराने ते पुसलं. मी टेप बंद करायला वाकलो, तर आजींनी माझा हात धरला.

त्या ऐकत होत्या. मान एका बाजूला कलती. एक सूर खालून वर जायचा, तोच परत जायचा, मग त्याला उत्तर यायचं. तिसऱ्या उत्तराला त्यांची बोटं तालात आली होती. त्यांनी नातीला खुणेने काहीतरी विचारलं.

"आजी इचारते, ह्यो कोनचे गावचा?"

काकी म्हणाली, "लांबचा हाय. दर्यापलीकडचा. पन यांच्या घरातलाच म्हना."

आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आपल्या सुपातला नारळ त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. तो मान जन्मभर त्यांचा होता, दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता. दोन पावलं चालल्या, टेपरेकॉर्डरपुढे वाकल्या, त्याच्यासमोर नारळ ठेवला आणि त्यावर सुपातले चार दाणे तांदूळ वाहिले. मग आपल्या जागी येऊन बसल्या आणि डावऱ्याचं गाणं संपेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.